दप्तर कोणाच्या हाती? जिल्ह्याच्या कारभाराची दोनशे वर्षे

महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावात सरकारची दोन दप्तरे असतात. एक तलाठ्याचे, दुसरे ग्रामसेवकाचे. सातबाऱ्याचा उतारा, फेरफार, वारसनोंद, पीकपाहणी यांसाठी तलाठ्याकडे जायचे; जन्ममृत्यूची नोंद, घरपट्टी, पाणीपट्टी, घरकुलाची यादी यांसाठी ग्रामसेवकाकडे. तलाठ्याच्या वर तहसीलदार, त्याच्या वर प्रांत, त्याच्या वर जिल्हाधिकारी. ग्रामसेवकाच्या वर गटविकास अधिकारी आणि त्याच्या वर जिल्हा परिषदेचा मुख्य कार्यकारी अधिकारी. दोन्ही जिने अखेर मुंबईला मंत्रालयात जाऊन पोचतात, पण एक महसूल विभागाच्या दाराशी आणि दुसरा ग्रामविकास विभागाच्या. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात राज्य सरकार वरून खाली उतरते: राज्यपाल, मुख्यमंत्री, मंत्रिमंडळ, २८८ आमदारांची विधानसभा, ७८ सदस्यांची विधान परिषद. गावातल्या माणसाला ते खालून वर दिसते, आणि खालून पाहिले की पहिला प्रश्न पडतो तो हा, की एकाच सरकारला दोन जिने कशाला? आणि त्यांतल्या ज्या जिन्यावर लोकांनी निवडलेली माणसे बसतात तोच कायम कच्चा का राहिला? याचे उत्तर निवडून आलेल्यांच्या लायकीत शोधण्याची आपल्याकडे सवय आहे. ते उत्तर इतिहासात आहे. महाराष्ट्रात सत्ता नेहमी दप्तर आणि खजिना यांच्यामागून चालत आली. ज्या सुधारणेने दप्तर हलवले ती टिकली, आणि जिने माणसे नेमली पण दप्तर व पैसा जागच्या जागी ठेवला ती पोकळ झाली.

पेशवाईपासून सुरुवात केली तर हे स्पष्ट दिसते. मामलेदार किंवा कमाविसदार हा पुण्याचा जिल्ह्यातला हात. वसुली त्याची, शिबंदी त्याची, लहानसहान न्यायनिवाडाही त्याचाच. पण त्याच्या कचेरीत मजुमदार, फडणीस, दप्तरदार, चिटणीस, पोतनीस असे दरखदार बसत. त्यांची नेमणूक हुजुरातून होई, मामलेदाराला त्यांना दूर करता येत नसे आणि त्यांच्या शेऱ्याशिवाय हिशेबाचा कागद पुरा होत नसे. परगण्याला देशमुख-देशपांडे आणि गावाला पाटील-कुलकर्णी आपापल्या वतनी कागदांच्या जोरावर उभे असत, आणि देशपांड्याचा जमाखर्च मामलेदाराच्या जमाखर्चाशी ताडून पाहता येई. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. वतन जन्माने मिळे, बलुतेदाराच्या नशिबी मान खाली घालणे असे आणि महाराच्या वतनात हक्कापेक्षा वेठच जास्त असे. पण एक गोष्ट तिच्यात होती. हिशेब एकाच्या मुठीत नव्हता. दुसऱ्या बाजीरावाने मामलती मक्त्याने द्यायला सुरुवात केली तेव्हा हीच गोष्ट मोडली. मक्तेदाराने भरायची रक्कम आधीच ठरलेली, मग त्याचा हिशेब तपासायचा कोणी आणि कशासाठी? रयतेचे हाल त्या काळात वाढले ते माणसे एकाएकी दुष्ट झाली म्हणून नव्हेत. ताडून पाहणारे दुसरे दप्तर निकामी झाले होते.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि दख्खनचा कमिशनर म्हणून माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने कारभार हाती घेतला. पुण्याला रॉबर्टसन, नगरला पॉटिंजर, खानदेशात ब्रिग्ज असे कलेक्टर बसले. साताऱ्याला प्रतापसिंह महाराजांच्या शेजारी ग्रँट. एल्फिन्स्टनचे धोरण जुने शक्य तितके जपायचे, असे सांगितले जाते आणि ते खरेही आहे. पंचायती राहिल्या, पाटील-कुलकर्णी राहिले, मामलेदार हे नावसुद्धा राहिले. तरी आतून सारे बदलले, कारण जिल्ह्याच्या माथ्यावर आलेला कलेक्टर हा बंगालमध्ये १७७२ पासून घडत आलेला निराळाच अधिकारी होता. वसुलीही त्याची आणि फौजदारी अधिकारही त्याचाच. मामलेदार पगारी झाला आणि कलेक्टरच्या हुकमाखाली आला. दरखदारांची पद्धत मागे पडली. जिल्ह्यात कलेक्टरचा हिशेब तपासणारा कोणी उरला नाही. तपासणारा होता तो मुंबईला.

पुढच्या चाळीस वर्षांत उरलेली दप्तरेही एकेक करून त्याच कचेरीत आली. प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याची पुणे भागातली जमीन-पाहणी फसल्यावर १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नवी मोजणी हाती घेतली. शेत मोजायचे, त्याला नंबर द्यायचा, मातीची प्रत आण्यांत ठरवायची आणि तीस वर्षांसाठी आकार बांधायचा, ही ती पद्धत. रयतवारीचा विचार आपण सहसा सारा किती होता यावरून करतो. पण राज्यकारभाराच्या दृष्टीने तिचा मोठा परिणाम दुसराच झाला. कोणते शेत कोणाचे आणि त्याचा आकार किती हे सरकारला स्वतःच्या कागदावरून कळू लागताच देशमुख-देशपांड्यांची गरज संपली. १८६० च्या दशकात त्यांच्या चाकरीच्या बदली रक्कम ठरवून त्यांना मोकळे करण्यात आले. मधल्या काळात १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन बसले होते. पुण्याच्या पेशवे दप्तरातले कागदांचे रुमाल सोडून लोकांच्या सनदा त्यांच्याशी ताडल्या गेल्या, आणि ज्यांचा कागद जुळला नाही त्यांची इनामे गेली. म्हणजे मराठी राज्याचे दप्तर मराठी माणसांच्या हक्कांविरुद्ध पुरावा म्हणून उभे राहिले. दप्तर ज्याच्या हाती त्याची सत्ता, हे दाखवायला याहून मोठा दाखला नको. कागदाचा हा जोर रयतेलाही कळला होता. १८७५ मध्ये सुप्याला उठाव झाला आणि तो पुणे-नगरच्या गावांत पसरला, तेव्हा शेतकऱ्यांनी सावकारांच्या जिवाला फारसा धक्का लावला नाही. त्यांनी खते आणि रोखे शोधून जाळले.

निवडून आलेल्या, किंवा निदान नेमलेल्या, लोकप्रतिनिधींचा जिल्ह्याच्या कारभारात प्रवेश झाला तो या पक्क्या झालेल्या जिन्याच्या कडेकडेने. १८६९ मध्ये मुंबई इलाख्यात लोकल फंडाचा कायदा झाला. साऱ्याच्या रुपयामागे एक आणा पट्टी आणि तिच्यातून रस्ते व शाळा, असा तो बेत. पट्टी साऱ्याबरोबरच वसूल व्हायची, म्हणजे वसुली मामलेदाराची आणि समितीचे अध्यक्षपद कलेक्टरचे. १८८२ मध्ये लॉर्ड रिपनच्या ठरावाने या गोष्टीवर नेमके बोट ठेवले. सरकारने स्थानिक संस्थांवर बाहेरून लक्ष ठेवावे, आत बसून त्या चालवू नयेत, आणि शक्य तिथे अध्यक्ष बिनसरकारी असावा, असे त्यात सुचवले होते. मुंबई सरकारने १८८४ चा लोकल बोर्डांचा कायदा केला, पण जिल्हा बोर्डात कलेक्टर अध्यक्ष राहिलाच. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी विकेंद्रीकरणाच्या शाही आयोगापुढे साक्ष दिली तेव्हा त्यांचा रोख इथेच होता. कलेक्टरने जिल्ह्याचा कारभार एकट्याने हाकू नये, त्याच्याजोडीला जिल्ह्यातल्या लोकांचे मंडळ असावे आणि खाली गावपंचायती असाव्यात, अशी त्यांची मांडणी होती. मवाळांची मागणी म्हणून ती पुढे विसरली गेली. माझ्या मते मात्र प्रांतिक स्वायत्ततेच्या मोठ्या घोषणांपेक्षा तिच्यात व्यवहाराची जाण अधिक होती. गोखल्यांना कळले होते की शेतकऱ्याचे सरकार मुंबईच्या कौन्सिलात नसते, कलेक्टर कचेरीत असते. १९२३ च्या नव्या कायद्याने लोकल बोर्डांत निवडलेल्या सभासदांना आणि बिनसरकारी अध्यक्षांना वाव मिळाला खरा, पण बोर्डाच्या तिजोरीत पडत होती ती पट्टीच, आणि तीही दुसऱ्याने गोळा केलेली.

त्याच काळात कोल्हापुरात उलटा प्रयोग झाला आणि तो टिकला. १९१८ मध्ये शाहू महाराजांनी कुलकर्णी वतने बंद केली आणि त्यांच्या जागी पगारी तलाठी नेमले; अस्पृश्य समाजातल्या तरुणांनाही त्या जागा दिल्या. त्यावर मोठे वादळ उठले. ब्राह्मण-ब्राह्मणेतर वादातली एक चाल म्हणूनच पुष्कळांनी त्याकडे पाहिले. वादाचा भाग त्यात होताच. पण त्याहून खोल गोष्ट अशी की महाराजांनी गावच्या सत्तेचे मूळ अचूक पकडले होते. पाटलाचा मान मोठा, पण पाटलाला वाचता येत नसे आणि वही कुलकर्ण्याकडे असे. ती वही जन्माच्या हक्कातून काढून नेमणुकीच्या हातात दिली, एवढेच केले, आणि तेवढ्याने गावाचे चित्र पालटायला सुरुवात झाली. मुंबई राज्याला हेच करायला १९५० चा परगणा व कुलकर्णी वतने निर्मूलनाचा कायदा लागला. महार वतनाविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात विधेयक आणले होते. कनिष्ठ ग्रामवतने कायद्याने संपायला १९५८ उजाडले. मुलकी पाटलाचे पद तर १९६२ च्या कायद्याने गेले. वतनदारी उठली आणि गावचे दप्तर पूर्णपणे पगारी नोकराकडे आले. हा या दोनशे वर्षांतला निःसंशय विजय. मात्र त्या पगारी नोकराचा धनी कोण, हा प्रश्न शिल्लक राहिला.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला तेव्हा नकाशा एक होता, पण कारभाराच्या परंपरा तीन होत्या. पश्चिम महाराष्ट्रात मुंबई इलाख्याचा कलेक्टर आणि १८७९ चा जमीन महसूल कायदा. विदर्भात मध्य प्रांत-वऱ्हाडची परंपरा, तिथे जिल्ह्याचा प्रमुख डेप्युटी कमिशनर, आणि १९४८ पासून स्थानिक कारभाराला जनपद सभा. मराठवाड्यात निजामाच्या राज्यातला अव्वल तालुकदार, वरच्या कचेऱ्यांत उर्दू दप्तर आणि फसली सन. तिथली राजवट सप्टेंबर १९४८ मध्ये संपलेली. नव्या राज्याने या तिन्हींची मोट बांधली. ती कोणत्या क्रमाने बांधली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. एकसारखा जमीन महसूल कायदा झाला १९६६ मध्ये आणि अमलात आला १५ ऑगस्ट १९६७ ला. त्याच्या पाच वर्षे आधी, १ मे १९६२ पासून, साऱ्या राज्याला एकच जिल्हा परिषद कायदा लागू झाला होता. म्हणजे महाराष्ट्राने स्वतःला एकसंध केले ते आधी लोकांच्या संस्थेतून आणि मग महसुलाच्या जिन्यातून. त्या पिढीच्या श्रेयाची ही खूण आहे आणि ती पुसली जाऊ नये.

बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये देशापुढे जो आराखडा ठेवला होता त्यात खरे वजन तालुक्याच्या किंवा गटाच्या पंचायत समितीला होते. जिल्हा परिषद सल्लागार, आणि तिचा अध्यक्ष कलेक्टर. राजस्थानने २ ऑक्टोबर १९५९ रोजी नागौरला पंचायत राज्याची सुरुवात केली. यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने मात्र तयार आराखडा उचलला नाही. तेव्हाचे महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली १९६० मध्ये समिती नेमली, आणि १९६१ मध्ये आलेल्या तिच्या अहवालाने दोन ठिकाणी मेहता समितीपासून फारकत घेतली. मुख्य घटक जिल्हा ठरला, आणि जिल्हाधिकारी जिल्हा परिषदेच्या पूर्ण बाहेर राहिला. सभासद थेट निवडून यायचे, खासदार-आमदारांना तिथे जागा नाही, कारभाराला भारतीय प्रशासन सेवेतला मुख्य कार्यकारी अधिकारी. प्राथमिक शाळा, दवाखाने, जिल्ह्याचे रस्ते, लहान पाटबंधारे, पशुसंवर्धन, शेती विस्तार, समाजकल्याण एवढी कामे माणसांसकट जिल्हा परिषदेकडे आली. मुंबई सोडून २५ जिल्ह्यांत या संस्था उभ्या राहिल्या. महसूल खात्याच्या मंत्र्याने स्वतःच्या खात्याच्या सर्वांत मोठ्या अधिकाऱ्याला लोकांच्या संस्थेबाहेर ठेवण्याची शिफारस करावी, ही साधी गोष्ट नव्हती. रिपनने जे सुचवले आणि मुंबई सरकारने ऐंशी वर्षे पुरते केले नाही ते महाराष्ट्राने केले. पुढे १९७८ मध्ये अशोक मेहता समितीनेही जिल्हा हाच घटक खरा, असे म्हटले. तोपर्यंत महाराष्ट्र त्या वाटेवर सोळा वर्षे चालला होता.

मग बिनसले कुठे? जिल्हाधिकाऱ्याला बाहेर ठेवले, पण त्याचे दप्तर त्याच्याजवळच राहिले. जमिनीची नोंद, भूसंपादन, धान्यपुरवठा, निवडणुका, कायदा-सुव्यवस्था, टंचाई, मदतवाटप हे सारे जुन्या जिन्यावर राहिले. जिल्हा परिषदेला मिळाली ती खर्चाची खाती. शिक्षकाचा पगार, डॉक्टरचा पगार, रस्त्याची खडी. तिच्या स्वतःच्या उत्पन्नाचा आधार पुन्हा साराच: साऱ्यावरचा उपकर आणि साऱ्याशी बांधलेली अनुदाने. ज्या दशकात हा कायदा झाला त्याच दशकात राज्याच्या उत्पन्नात साऱ्याचे महत्त्व झपाट्याने घटत होते आणि विक्रीकराचे वाढत होते. आटत चाललेल्या झऱ्यावर नवी विहीर बांधली गेली. शिवाय जिल्हा परिषदेवर देखरेखीचे अधिकार गेले विभागीय आयुक्ताकडे. आयुक्ताचे, म्हणजे जुन्या कमिशनरचे, हे पद मुंबई राज्याने १९५० मध्ये कायदा करून रद्द केले होते आणि १९५८ मध्ये पुन्हा आणले होते. ते आले नसते तर १९६२ ची देखरेख कोणा दुसऱ्याच्या हाती द्यावी लागली असती. ते आले, आणि लोकांची संस्था वरच्या पायरीवर पुन्हा महसुलाच्या जिन्याला जोडली गेली.

दहा वर्षांत परीक्षेची वेळ आली. १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्राच्या गावांना कायमचा आठवणीत राहिला. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. ती कामे काढली, हजेरीपत्रके ठेवली आणि मजुरी वाटली त्या यंत्रणेच्या शिखरावर कलेक्टर होते, आणि तहसीलदार-तलाठी रात्रंदिवस राबले. याच अनुभवातून आणि विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या आग्रहातून रोजगार हमी योजना रुजली. तिचा कायदा १९७७ मध्ये मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. जिल्ह्यातली जबाबदारी पुन्हा कलेक्टरकडे. ग्रामीण महाराष्ट्राच्या इतिहासातली सर्वांत मोठी लोककल्याणाची योजना निवडून आलेल्या संस्थेला ओलांडून गेली. तिथून पायंडा पडला. नवे काम आले की ते कलेक्टरकडे. १९७० च्या दशकात जिल्हा नियोजन व विकास मंडळे आली तीही मंत्री आणि कलेक्टर यांच्याभोवती. शेती विस्ताराची बरीच कामे कालांतराने राज्याच्या कृषी विभागाने परत घेतली.

इथे सर्वांत वजनदार आक्षेप उभा राहतो, आणि तो टाळून चालणार नाही. कलेक्टरने ते काम केले, कारण तोच ते करू शकत होता. जिल्हा परिषदेच्या सभागृहात गटबाजी, ठेकेदारी आणि तालुक्या-तालुक्यांची ओढाताण. उपाशी माणसाला ठरावाची वाट पाहायला लावता येत नाही. यात तथ्य आहे. पण कलेक्टरचे हात मोकळे का होते? आधी खर्च करून मग मंजुरी घेण्याची मुभा त्याला होती, सर्व खात्यांच्या अभियंत्यांना कामाला लावण्याचा अधिकार त्याला होता, आणि प्रत्येक गावात त्याचा तलाठी होता. हे तिन्ही अधिकार जिल्हा परिषदेला कधीच दिले गेले नाहीत. ज्याचे हात बांधलेले आहेत त्याला पोहता येत नाही, एवढ्यावरून त्याला पाण्याबाहेर ठेवायचे आणि तो बाहेर आहे म्हणून पोहणे शिकला नाही असे म्हणायचे, हा युक्तिवाद स्वतःच्याच शेपटीला धरून फिरतो.

दुसरा आक्षेप जातीचा आणि वर्चस्वाचा. जिल्हा परिषद म्हणजे साखर कारखाना, सहकारी बँक आणि तीन-चार घराणी. दुबळ्याला न्याय मिळायचा तर तटस्थ अधिकारीच हवा, हे म्हणणे दलित चळवळीतूनही आले आहे. घटना समितीत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. आंबेडकरांनी गावाविषयी जे कठोर मत मांडले ते अनुभवातून आलेले होते. या आक्षेपाला मी सर्वांत अधिक मान देतो. वर्चस्व होते आणि आजही आहे. पण उपाय म्हणून अधिकारी पुरे पडला का, हे तपासावे लागेल. महार वतने, कूळकायदा, गायरान यांच्या इतिहासात पगारी महसुली नोकर बहुधा गावातल्या जोरकस माणसाच्याच बाजूला झुकलेला सापडतो, कारण त्याला जाब विचारणारा गावात कोणी नव्हता. याउलट ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून अनुसूचित जाती-जमातींना आणि स्त्रियांना राखीव जागा आल्या आणि २०११ पासून महाराष्ट्राने स्त्रियांचा वाटा निम्मा केला, तेव्हा जिल्हा परिषदेच्या सभागृहात जी माणसे दिसू लागली ती महसुलाच्या कचेरीत अर्जदार म्हणूनच उभी असत. संस्था बदलता येते, कारण तिचा दरवाजा निवडणुकीने उघडतो. पाच वर्षे वाईट गेलेली जिल्हा परिषद लोक पाडू शकतात. कलेक्टरची बदली होते ती मुंबईहून, आणि कारण गावाला कोणी सांगत नाही.

तिसरा मुद्दा असा मांडला जातो की आता सारा नगण्य झाला, कलेक्टर हा महसूल गोळा करणारा राहिला नाही, तो समन्वयक आहे; मग जुन्या इतिहासाचे ओझे कशाला? नेमके याच कारणाने इतिहास सांगावा लागतो. वसुली संपली तरी वसुलीसाठी बांधलेला जिना उरला, आणि राज्याने जे जे नवे काम काढले ते त्याच जिन्यावरून खाली उतरवले. जिल्हा परिषदेचा मुख्य कार्यकारी अधिकारी सेवेत बहुधा कलेक्टरपेक्षा कनिष्ठ असतो. पुष्कळ अधिकारी हे पद करून मग कलेक्टर होतात. हा निसर्गनियम नव्हे. रामकृष्ण हेगडे मुख्यमंत्री आणि नझीर साब पंचायत राज्याचे मंत्री असताना कर्नाटकाने १९८७ मध्ये जिल्हा परिषदा उभ्या केल्या, तेव्हा परिषदेचा मुख्य सचिव डेप्युटी कमिशनरहून ज्येष्ठ नेमला. पुढे तिथेही पाऊल मागे घेतले गेले, पण ते शक्य आहे हे सिद्ध झाले. केरळने १९९६ पासून योजनेतल्या पैशाचा सुमारे तिसरा भाग स्थानिक संस्थांकडे सोपवला, आणि तिथे जिल्हा नियोजन समितीचा अध्यक्ष हा जिल्हा पंचायतीचा अध्यक्ष असतो.

महाराष्ट्राने या जागी काय केले? घटनेच्या २४३ झेडडी या अनुच्छेदाने प्रत्येक जिल्ह्यात नियोजन समिती हवी आणि तिचे चार पंचमांश सभासद जिल्ह्यातल्या ग्रामीण व नागरी संस्थांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींनी आपल्यातून निवडावेत, असे ठरवले. अध्यक्ष कसा निवडायचा हे मात्र राज्यांवर सोडले. आपल्या १९९८ च्या कायद्याने अध्यक्षपद जिल्ह्याच्या पालकमंत्र्याला दिले आणि सदस्य-सचिव केले जिल्हाधिकाऱ्याला. जिल्हा परिषदेचा अध्यक्ष तिथे एक सभासद. सभागृहात बहुमत लोकप्रतिनिधींचे, पण बैठक बोलावणारा, विषयपत्रिका ठरवणारा, इतिवृत्त लिहिणारा आणि निधी सोडणारा हात जुनाच. पालकमंत्रिपदासाठी पक्षांत जी चुरस लागते तिचे मूळ इथे आहे. १९६२ मध्ये ज्या दारातून कलेक्टरला सन्मानाने बाहेर ठेवले होते, त्याच्या शेजारी दुसरे दार काढून त्याला आत घेतले, आणि या वेळी सोबत मंत्रीही आला.

संस्थेचे असे वजन घटले की तिची निवडणूकही ऐच्छिक वाटू लागते. १९७९ नंतर जिल्हा परिषदांची पुढची सार्वत्रिक निवडणूक थेट १९९२ मध्ये झाली. घटनादुरुस्तीने पाच वर्षांची सक्ती आणल्यावर असे होणार नाही असे वाटले होते. तरीही २०२२ मध्ये मुदत संपलेल्या बहुतेक जिल्हा परिषदांचा कारभार आरक्षणाच्या आणि प्रभागरचनेच्या वादात प्रशासकांकडे गेला आणि वर्षानुवर्षे तिथेच राहिला. निवडणुका घ्या म्हणून मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. विधानसभा एवढा काळ बरखास्त ठेवण्याची कल्पनाही कोणी सहन केली नसती. जिल्हा परिषदेच्या बाबतीत गावांत फारशी हाक-बोंब झाली नाही, कारण लोकांना अनुभवाने ठाऊक होते की त्यांच्या कामाचा कागद तिथे अडत नाही आणि तिथून सुटतही नाही.

सचिवालयाचे नाव १९७५ मध्ये मंत्रालय झाले. सत्ता सचिवांची नसून लोकांनी निवडलेल्या मंत्र्यांची, हा त्या नामांतराचा अर्थ होता आणि तो योग्यच होता. हाच न्याय जिल्ह्याला लावायचा तर सुरुवात नियोजन समितीपासून करता येईल: अध्यक्षपद जिल्हा परिषदेच्या अध्यक्षाकडे, सचिवपद मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे, आणि जिल्ह्याच्या निधीचे दप्तर त्यांच्या कचेरीत. जमिनीची नोंद, निवडणूक आणि सुव्यवस्था जिल्हाधिकाऱ्याकडे खुशाल राहावी. दोन दप्तरे एकमेकांना ताडून पाहणारी असली तर चांगलेच आहे. या बदलाला घटनादुरुस्ती लागत नाही की दिल्लीची परवानगी लागत नाही. १९९८ चा कायदा राज्याचा आहे, आणि त्यातले अध्यक्षपदाचे कलम बदलायला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांचे साधे बहुमत पुरते.